काळीचे शॉकअप, लालचं चाक

६ ऑक्टोबर, सोमवार

ही वही अलिशाने दिली. अलिशा म्हणजे माझ्या क्लिफर्डची मुलगी. ठाण्यात फिजिओथेरपीचं शिकते. म्हणाली, "ग्रँडपा, रोज चार ओळी लिहायच्या. काय पण लिहा." मी म्हटलं, मी सातवीत शाळा सुटलेला माणूस, माझं लिहिलेलं वाचणार कोण? तर म्हणते, "मी कुठे वाचणारे? मी फक्त अक्षर बघणार." अक्षर बघून तिला काय मिळणार तिलाच ठाऊक.

तर लिहितो. आज गाडी परत थरथरली.

काळी, म्हणजे माझी मोटारसायकल. आयुष्यातली तिसरी. नाक्यावरून आमच्या गावठाणात वळताना वेग कमी केला तसं हँडल हलायला लागलं. पुढचे शॉकअप गेले असतील नाहीतर चाकात काही असेल. दोन नोव्हेंबरला चार आठवडेसुद्धा राहिले नाहीत. तो मृतांच्या आठवणीचा दिवस, तेव्हा ज्युलियानाला उत्तनला न्यायचं असतं, तिच्या आईबापाच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी गाडी घेतली तेव्हापासून नेतोय. चव्वेचाळीस वर्षं झाली, एकदाही चुकवलं नाही. पण अशी गाडी घेऊन घोडबंदरच्या चढावर ट्रेलरच्या बाजूने बायकोला कसं न्यायचं? पडलो तर?

हे पेनही बरोबर नाही. ओळीवर राहत नाही.

७ ऑक्टोबर

नवीन पेन आणलं. तेपण तसलंच.

९ ऑक्टोबर

गाडी कमलेशकडे नेली. त्याचं गॅरेज कोलशेत रोडला, आमच्या जुन्या कंपनीच्या भिंतीला लागून. त्याने पुढचं चाक उचलून फिरवलं, कान लावला, दोन्ही शॉकअप दाबून बघितले.

"अंकल, रिम आऊट नाही. बेअरिंग टाइट. हँडलच्या खालचा कोनसेट तर मागच्याच महिन्यात नवीन टाकलेला."

"मग थरथरतं का?"

तो खाडीपर्यंत चक्कर मारून आला. "मक्खन चालते अंकल."

"तू बसलास की ती लाजते. मी बसलो की खरं दाखवते."

कमलेश हसला. मग माझ्या हातातल्या चहाकडे बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "स्टुलावर ठेवा ना ग्लास, गरम आहे." चहा एवढा काही गरम नव्हता.

येताना ज्युलियाना बाजारात भेटली, तिला मागे घेतलं. तिला हल्ली गाडीची भीती वाटते. पूर्वी मागे बसली की आहे का उतरली, कळायचं नाही. आता दोनेक वर्षं झाली, उजव्या हाताने माझा खांदा असा दाबून धरते की घरी आल्यावर बोटांचे वळ दिसतात. म्हटलं, "अगं, पाडणार नाही तुला."

"ठाऊक आहे," म्हणाली.

११ ऑक्टोबर

दुपारी डोळा लागला. आमचा फोरमन चांगदेव स्वप्नात आला. वारून वीस वर्षं झाली, पण खाकी पँटची इस्त्री तशीच. एकतीस वर्षं मी त्याच्या हाताखाली फिटर होतो. दोन पंपांच्या मधे उभा राहून इकडचं बोट तिकडे, तिकडचं इकडे करत होता. मागे मिठागराचं पाणी चमकत होतं. कंपनीच्या आत मिठागर कुठून आलं? पण स्वप्नात मला त्याचं काहीच वाटलं नाही.

जागा झालो आणि बोटाचा अर्थ कळला. चांगदेवचा नियम होता: बिघाड सापडत नसेल तर सारख्या दोन मशिनींचे भाग अदलाबदल कर. बिघाड भागाबरोबर गेला, तर भाग खराब. बिघाड जागेवरच राहिला, तर जे बदललं नाहीस तिकडे बघ.

काळीसारखीच गाडी गोविंदाकडे आहे. त्याची लाल आहे, आठ वर्षांनी नवी.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिस्साला गेलो. फादरांनी पवित्र भाकर सगळ्यांच्या हातावर ठेवली, माझ्या जिभेवर. मी हात पुढे केला होता. वाईट वाटलं. माझं काही चुकलं का म्हणून दिवसभर आठवत बसलो. काही सापडलं नाही.

१४ ऑक्टोबर

ठाकुर्लीला गोविंदाकडे जाऊन आलो. गोविंदा मूळचा आमच्या कोलशेतचा. त्याचा बाप मिठागरावर होता. लहानपणी आम्ही दोघं मिठागराच्या बांधावरून सायकलची रिकामी रिंग काठीने पळवायचो. आता गुडघ्यामुळे तो खुर्चीत असतो, मुलीकडे. मुलगी रुपाली कल्याणच्या एका शाळेत क्लार्क आहे. लाल गाडी दोन वर्षं खाली उभी आहे, सीटवर मांजर झोपतं.

"काय रं फिलिपा, आयलास? माजी आठवन जाली का माज्या गारीची?"

मी खरं सांगितलं. पुढचं सगळं हवंय. दोन्ही शॉकअप, चाक, ब्रेक.

"न्हे की. मी काय आता रेस मारनार हाय? पन आयक. पुढचं काढशील तं तुजं पुढचं तिला लाव. बिनचाकाची गारी दारात नको. मेल्या मानसावानी दिसते."

"अरे, पण माझं पुढचं खराब आहे."

"उबी तं ऱ्हाईल ना? पुरे."

निघताना त्याने हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. म्हणाला, "थंडी वाजते काय रं तुना?" ऑक्टोबरच्या उन्हात थंडी कसली. गोविंदा म्हातारा झाला.

१७ ऑक्टोबर

ज्युलियाना चहा अर्धा कप देते. विचारलं तर म्हणते, साखर वाढलीय तुमची. साखर वाढली तर साखर कमी कर, चहा का कमी करतेस? आज तर कपबशी न देता स्टीलचा मोठा ग्लास, तोही अर्धा. घरात मला पाहुण्याएवढीही किंमत नाही.

अलिशा आली होती. वहीची पानं भराभर उलटली, खरंच वाचलं नाही. पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "ग्रँडपा, एका गुरुवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलला याल? आमचे सर आहेत, खूप चांगले."

"गाडी तयार होऊ दे."

"गाडीचा काय संबंध?"

"संबंध आहे," मी म्हटलं. चालत्या कामात माणसाने दुसरं काम काढू नये.

२१ ऑक्टोबर

दिवाळीमुळे कमलेशचं गॅरेज बंद. गोविंदाकडून रुपालीने करंज्या पाठवल्या. बारा दिवस राहिले. ज्युलियाना म्हणाली, "या वर्षी क्लिफर्ड कारने सोडेल आपल्याला. काय बिघडलं?"

मी जेवलो नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज मोठा दिवस.

कमलेशने लाल गाडी टेम्पोत घालून आणली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी इंजिनाखाली लाकडी ठोकळे लावून उभ्या केल्या. आधी चाकं काढली, मग हेडलाइट, मग हँडल, मग दोन्ही शॉकअप जोडणारी मोठी टी खाली ओढून घेतली. दोघी पुढून मोकळ्या झाल्या तेव्हा खाडीवर पाणी प्यायला वाकलेल्या म्हशींसारख्या दिसत होत्या. मला कमलेश स्टुलावरून उठू देईना. "अंकल, तुम्ही सुपरवायझर." कोनसेटचे छर्रे ग्रीसमध्ये बसवायचं काम मी मागून घेतलं. एक एक छर्रा बोटाने ठेवायचा असतो. चार खाली पडले. कमलेशने उचलले, पुसले, आणि म्हणाला, "हे छर्रेच हरामी आहेत." चांगला माणूस आहे. पण त्याने बसवले तेव्हा एकही पडला नाही. ग्रीस तेव्हा घट्ट झालं असेल.

दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं होतं. पत्र्यावर ऊन टपटप वाजत होतं. कमलेश लालचं चाक काळीत बसवून फिरवून बघत होता. माझे डोळे मिटत होते. चाक फिरताना त्यातून पलीकडचं दिसत होतं: आधी भिंत, मग पाणी, मग मिठाचे पांढरे ढीग. मी आणि गोविंदा बांधावरून रिंग पळवत होतो. माझ्या हातातली काठी सुटली. रिंग थांबली नाही. ती एकटीच पुढे गेली, दोन्ही बाजूंनी पाण्यात आभाळ, रिंग बारीक होत गेली, आणि जराही डुलली नाही. मी ओरडून गोविंदाला म्हणालो, बघ, धरलं नाही तर सरळ जाते.

"अंकल, उठा. झालं."

काळीला लालचं पुढचं, लालला काळीचं पुढचं. दोघींचे चेहरे बदलले. काळी तरुण दिसत होती. मी तिच्या टाकीवरून हात फिरवला. उद्या चालवून बघतो. उजेडात.

२६ ऑक्टोबर, रविवार

मिस्सा झाल्यावर गाडी काढली. पहिल्या दोनशे पावलांपर्यंत स्वर्ग. खड्ड्यातून गेलो तर पोटातलं पाणी हललं नाही. नवे शॉकअप म्हणजे काय ते कळलं. वाटलं, आता काळजी गेली, उत्तनला जाऊन ज्युलियाना म्हणेल, झोपून आले.

मग खाडीच्या वळणावर वेग कमी केला. हँडल थरथरलं.

परत गेलो, परत वळलो. परत थरथरलं. पाच वेळा केलं. एक बाई टोपली घेऊन उभी होती, ती म्हणाली, "काका, काही हरवलंय का?"

म्हणजे लालचं पुढचंही खराब? दोन्ही गाड्यांचं? असं कसं होईल?

घरी आलो. ज्युलियानाने विचारलं, "गाडी काय म्हणते?" मी म्हटलं, चांगली आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि कांदा चिरायला लागली. खोटं बोललो. सात दिवस राहिले.

२७ ऑक्टोबर

आज आणखी वाईट ऐकलं. कमलेशने सांगितलं, रुपाली काल दुपारी येऊन लाल घेऊन गेली. टेम्पोत नाही. चालवत. कमलेशने नवी बॅटरी टाकून दिली होती, तिला म्हणे रोज शाळेत जायला गाडी हवीच होती.

माझे खराब शॉकअप! उभ्या गाडीला म्हणून दिले होते. आता त्यावर गोविंदाची मुलगी कल्याणच्या गर्दीत. ती पडली तर मी गोविंदाला काय तोंड दाखवणार? मी त्याला म्हटलं होतं खराब आहे, पण मोठ्याने म्हटलं होतं का? त्याला नीट ऐकू येतं का? रुपालीला फोन लावला, उचलला नाही. गाडी चालवत असेल. देवा.

२८ ऑक्टोबर

सकाळी ठाकुर्लीला गेलो. काळी नेली नाही. रुपाली शाळेला निघतच होती, हेल्मेट डोक्यावर.

"थांब! त्या गाडीवर बसू नकोस."

"का काका?"

"पुढचं थरथरतं. मी तुझ्या बाबांना सांगितलेलं. खराब माल आहे तो."

ती गोंधळली. "कुठे थरथरतं? मी कोलशेतवरून आणली, काल दिवसभर चालवली."

"वेग कमी केल्यावर बघ."

"बरं, बघते. तुम्ही पण बघा."

बिल्डिंगच्या मागे रेल्वेच्या भिंतीलगत सरळ गल्ली आहे. ती टोकापर्यंत गेली, वळून परत आली. अगदी हळू, चालणाऱ्या माणसाएवढी. मग माझ्यासमोर येताना तिने दोन्ही हात हँडलवरून उचलले आणि कानापर्यंत नेले, पोरींसारखे. पंचेचाळीस वर्षांची बाई.

माझं पुढचं चाक माझ्यासमोरून गेलं. ज्या चाकाला मी महिनाभर शिव्या दिल्या ते. काठी सुटलेल्या रिंगेसारखं. जराही डुललं नाही.

वर खिडकीतून गोविंदा ओरडला, "गो रुपे, सर्कस हाय का?"

रुपाली हसत उतरली. "बघितलंत? मस्त गाडी दिलीत काका." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बसा जरा. पाणी आणू?"

पाणी आणलं. ग्लास मी दोन्ही हातांनी धरला. तरी शर्टावर सांडलं.

२९ ऑक्टोबर

माझं पुढचं लालला लावलं. लाल थरथरत नाही.
लालचं पुढचं काळीला लावलं. काळी थरथरते.
कमलेश चालवतो तेव्हा काळी थरथरत नाही.

चांगदेव म्हणायचा, जे बदललं नाहीस तिकडे बघ.

सकाळपासून पलंगावर बसून तिकडेच बघतोय. मांडीवर दोन्ही हात ठेवलेत. उजवा जास्त, डावा कमी.

३० ऑक्टोबर

कोणाला कधीपासून माहीत होतं त्याची मोजदाद करत होतो. कमलेश. फादर. गोविंदा. अलिशा. ज्युलियानाचा चहाचा ग्लास. मीच शेवटचा. राग आला, पण कोणावर काढू? सगळ्यांनी गळतीखाली भांडं थोडं पुढे सरकवलं एवढंच. कोणी हसलं नाही.

३१ ऑक्टोबर

कमलेशकडे जाऊन किल्ली दिली. म्हटलं, रविवारी उत्तनला काळी तू चालवशील का? मी मागे बसेन.

तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "अंकल, मटण-वडे मिळतील ना?"

म्हटलं, मिळतील.

रुपालीलाही फोन केला. ज्युलियानाला मागे घेशील का म्हणून विचारलं. कारण विचारलं नाही तिने. "किती वाजता निघायचं काका?" एवढंच.

ज्युलियानाला सांगितलं, तर ती माळ्यावरून मेणबत्त्यांचं खोकं काढत होती, तशीच स्टुलावर उभी राहिली. मी म्हटलं, उतर आधी, पडशील. मग तिचा हात धरला. कोणी कोणाला धरलं सांगता येणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो. पंचेचाळिसावं वर्ष.

दुपारी निघालो. पुढे लाल, रुपाली आणि ज्युलियाना. मागे काळी, कमलेश आणि मी. मला मागे बसायची सवय नाही. पाय कुठे ठेवायचे कळेना. पण दहा मिनिटांनी एक गोष्ट झाली. रस्ता बघायचं काम माझ्याकडे राहिलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले, हलायचं तेवढं हलू दे म्हटलं. आणि मी समोर बघितलं.

चव्वेचाळीस वर्षांत ज्युलियाना गाडीवर कशी बसते ते मी कधी बघितलंच नव्हतं. कसं बघणार? ती मागे असायची.

एका अंगाने बसते. पाठ सरळ. मांडीवर झेंडूची पिशवी. निळ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. घोडबंदरचा चढ आला, उजवीकडे झाडांतून खाडी दिसायला लागली, ऊन तिरकं झालं. ट्रेलर गेले बाजूने, पण त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. लाल माझ्या शॉकअपवर चालली होती आणि मी लालच्या, दोन्ही गाड्या एकाच लाटेवर असल्यासारख्या एकदम वर, एकदम खाली. झोप नव्हती ती. पण झोपेत दिसतं तसंच सगळं स्वच्छ दिसत होतं.

भाईंदरच्या पुढे गावं लागली तसे रस्त्याच्या कडेचे खुरिस सुरू झाले. प्रत्येक क्रुसाला ज्युलियाना हात कपाळाला नेते, छातीला नेते, आणि बोटांचं चुंबन घेते. एकही सोडला नाही. मी मोजले, अकरा. आणि मधल्या वेळात तो हात नुसता मांडीवर. झेंडूशी खेळत.

उजवाच हात.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढ्या रस्त्यात तिने रुपालीचा खांदा एकदाही धरला नव्हता.

कबरीवर बाकीच्यांनी आधीच चुना लावला होता. आम्ही माळा घातल्या. मेणबत्ती मी लावायची, ती रीत. काडी पेटवली, वातीपाशी नेली, ती इकडे तिकडे. दर वर्षी मी म्हणतो, समुद्राचा वारा फार. आज म्हटलं नाही. वारा नव्हताच. ज्युलियानाने माझं मनगट धरलं. वात लागली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या बारा आम्ही तशाच लावल्या.

कमलेश आणि रुपाली पलीकडे मटण-वड्यांवरून भांडत होते, कोणी जास्त खाल्ले म्हणून.

घरी आल्यावर ज्युलियानाला विचारलं, "रुपालीच्या मागे बसताना खांदा नाही धरलास?"

ती पायातल्या चपला काढत होती. वर न बघता म्हणाली, "तिला कशाला धरायचं?"

मग आत गेली आणि चहा घेऊन आली. अर्धा ग्लास. मी घेतला. संपल्यावर आणखी अर्धा मागितला, तिने दिला. म्हणजे पूर्ण मिळतो, मागितला तर.

अलिशा, अक्षर बघायला येशील तेव्हा हे पान वाचही. गुरुवारी मी येतो. रिक्षाने जाऊ.